हलतीं चित्रें आणि मुलांचें मन

सन १९३८ च्या आरंभीं इंग्लंडमधील चित्रपट-परीक्षण मंडळापुढें एक विलक्षण प्रश्न येऊन पडला. वॉल्ट डिस्ने या अमेरिकन निर्मात्याच्या चित्रशाळेंत तयार झालेला ‘स्नो व्हाइट आणि सात बुटके’ हा चित्रपट परवान्यासाठीं मंडळाकडे आला होता. कथा परीकथेची, पात्रें हातानें रंगविलेलीं, गाणीं गोड; तेव्हां हा मुलांचाच चित्रपट, याविषयीं शंका घेण्याचें कारण दिसत नव्हतें. परंतु दुष्ट राणीचें चेटकिणींत होणारें रूपांतर आणि अंधाऱ्या अरण्यांत जिवंत होऊन अंगावर येणारीं झाडें पाहून परीक्षक विचारांत पडले. त्यांनीं चित्रपटास ‘ए’ वर्गाचा परवाना दिला. म्हणजे सोळा वर्षांखालील मुलानें तो वडील माणसाच्या सोबतीशिवाय पाहूं नये असें ठरविलें. हा निर्णय सर्वांस पटला असें नाहीं. अनेक ठिकाणच्या स्थानिक अधिकाऱ्यांनीं आपापल्या हद्दींत तो शिथिलहि केला.

त्या लहानशा वादांत दोन गोष्टी मात्र उघडपणें कबूल झाल्या होत्या. पहिली अशी कीं, कागदावर काढलेलें चित्रहि मुलाच्या मनांत खरीखुरी भीति उत्पन्न करूं शकतें. केवळ करमणूक म्हणून तें दृष्टीआड करण्यासारखें नाहीं. दुसरी अशी कीं, या भीतीवर मंडळानें सुचविलेला उपाय बंदीचा नव्हता, तर शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या वडील माणसाचा होता. त्यानंतरच्या आठ दशकांत मुलांच्या या करमणुकीचा जो इतिहास घडला, तो पुष्कळ अंशीं या दोन गोष्टींच्या विस्मरणाचा आणि पुन्हा झालेल्या स्मरणाचा इतिहास आहे.

हीं चित्रें हलतात कशीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. कारण त्यांच्या गुणदोषांचें मूळ त्यांच्या घडणींतच आहे. सिनेमाच्या पडद्यावर दर सेकंदास २४ स्थिर चित्रें एकामागून एक पडतात, आणि पाहणाऱ्याला त्यांत अखंड गति दिसते. नटांचा चित्रपट असेल तर हीं चित्रें यंत्र घेतें. कार्टूनपटांत तीं माणसानें एकेक करून काढावयाचीं असतात. एकच चित्र दोनदां टिपून काम निम्म्यावर आणलें, तरी एका मिनिटास ७२० चित्रें लागतात. ‘स्नो व्हाइट’ची लांबी ८३ मिनिटांची, तेवढ्या वेळांत पडद्यावरून जवळजवळ १,२०,००० चौकटी सरकतात. यावरून दिसून येईल कीं, या कलेंत चांगलें काम अत्यंत महाग आहे, आणि काटकसरीचा मोह तितकाच बळकट आहे.

या युक्तीची ओळख महाराष्ट्राला फार लवकर झाली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं, सन १९१२ मध्यें, दादासाहेब फाळके यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्या वाढीचें रोज थोडें थोडें छायाचित्रण केलें, आणि कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर अल्पकाळांत घडवून दाखविली. हा चिमुकला पट दाखवूनच त्यांनीं पुढील उद्योगासाठीं भांडवल देणाऱ्याचा विश्वास संपादन केला. सन १९१५ मध्यें त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हा पट तयार केला. आगपेटींतल्या काड्या चौकटीगणिक किंचित् सरकवून टिपल्या म्हणजे त्या आपोआप चालूं लागल्याचा भास होतो, ही त्यांतील मौज. तो पट आज उपलब्ध नाहीं. तथापि निर्जीव वस्तु सजीव झालेली पाहण्याचा आनंद लहानथोरांना सारखाच होतो, हें मर्म फाळक्यांच्या ध्यानांत आलें होतें, एवढें त्यावरून समजतें.

इतर देशांतहि या कलेच्या बाल्यावस्थेंत ती केवळ बालकांची मानली जात नव्हती. अमेरिकेंत विन्सर मॅके हा चित्रकार १९१४ मध्यें रंगमंचावर उभा राहून पडद्यावरील ‘गर्टी’ नांवाच्या प्राचीन अजस्र प्राण्याला आज्ञा करी, आणि तो प्राणी ती पाळी. जर्मनींत लोटे रायनिगर या स्त्रीनें काळ्या कागदाच्या कातरलेल्या आकृति सांवल्यांप्रमाणें हलवून, अरबी कथांच्या आधारें, ‘राजपुत्र अहमदाचीं साहसें’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट तीन वर्षांच्या श्रमानें १९२६ मध्यें पुरा केला. हे खेळ पाहावयास सर्व वयांचीं माणसें येत. मुलांचा प्रेक्षकवर्ग निराळा काढावा, ही कल्पना पुढें व्यापारानें आणली.

डिस्नेचें नांव १९२८ मध्यें ‘स्टीमबोट विली’ या बोलक्या पटानें आणि त्यांतील मिकी नांवाच्या उंदरानें सर्वतोमुखीं झालें होतें. परंतु सात-आठ मिनिटांच्या विनोदावरून दीड तासाच्या कथेकडे जाणें ही गोष्ट निराळी होती. उंदीर धडपडला म्हणजे प्रेक्षक हंसतो. पण रंगविलेल्या मुलीला मृतवत् पडलेली पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी येईल काय? तसें व्हावयाचें तर त्या आकृतीला वजन हवें, श्वास हवा, मनांत कांहीं चाललें आहे असा चेहरा हवा. म्हणून १९३२ पासूनच डिस्नेनें आपल्या नोकरींतील चित्रकारांसाठीं चित्रकलेचे वर्ग सुरू केले. डॉन ग्रॅहॅम हा कलाशिक्षक ते चालवी. पगार घेणारे, हात बसलेले चित्रकार दिवसाचें काम संपवून पुन्हा विद्यार्थी होऊन बसत, आणि समोर उभ्या राहिलेल्या जिवंत माणसाची हालचाल रेखाटीत. ‘स्नो व्हाइट’चा पहिला अंदाज अडीच लाख डॉलरांचा होता, प्रत्यक्ष खर्च पंधरा लाखांच्या घरांत गेला. धंद्यांतील लोक या उद्योगास ‘डिस्नेचा वेडेपणा’ म्हणूं लागले. २१ डिसेंबर १९३७ रोजीं लॉस एंजलिस शहरांत तो प्रथम दाखविला गेला, आणि त्या वेडेपणाचे पैसे कित्येक पटींनीं परत आले. सन १९३९ मध्यें अमेरिकेच्या चित्रपट अकादमीनें डिस्नेला एक मोठी आणि सात छोट्या अशा पुतळ्यांचें खास पारितोषिक दिलें.

याच चित्रशाळेचा ‘बाम्बी’ हा चित्रपट १९४२ मध्यें निघाला. फेलिक्स साल्टेन या ऑस्ट्रियन लेखकाच्या १९२३ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. हरणाची चाल नीट यावी म्हणून दोन जिवंत पाडसें चित्रशाळेंत आणून वाढविण्यांत आलीं. चित्रकारांनीं प्राण्यांच्या हाडांचा व स्नायूंचा अभ्यास केला. त्या चित्रपटांत पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीनें मरते. मरण पडद्यावर दिसत नाहीं. बंदुकीचा आवाज होतो, पाडस धांवत सुटतें, मागें वळून पाहतें तों आई नाहीं. मग पडणारें बर्फ आणि आईला मारलेल्या हाका. एवढ्यावर तो प्रसंग संपतो. शिकारीवर कोणी व्याख्यान देत नाहीं. तरीहि अमेरिकेंतील एका शिकारविषयक मासिकाच्या संपादकानें या चित्रपटामुळें शिकाऱ्यांची बदनामी होते अशी तक्रार केली. कागदावरच्या हरणाचें भय बंदूक वापरणाऱ्यांना वाटावें, यापेक्षां या कलेच्या प्रभावाचा अधिक बोलका पुरावा कोणता हवा? चित्रगृहांतून बाहेर पडणाऱ्या मुलाला दुःख होई, हें खरें. पण त्या दुःखाच्या वेळीं त्याचा हात धरणारें माणूस बहुधा त्याच्या शेजारींच असे.

अशा कामाचा खर्च मात्र भागत नव्हता. युद्धामुळें युरोपची बाजारपेठ बंद पडली. ‘बाम्बी’चा खर्च प्रथम वसूल झाला नाहीं. चित्रशाळेंतील पगार व मानमरातब यांविषयींच्या असंतोषानें मे १९४१ मध्यें मोठा संप झाला. मुलांना आनंद देणाऱ्या त्या चित्रांमागें तुटपुंज्या वेतनावर राबणारे हातहि होते, ही गोष्ट त्या संपानें जगापुढें आणली. संपानंतर बाहेर पडलेल्या चित्रकारांपैकीं कांहींनीं निराळी संस्था काढली, आणि थोड्या रेषा, सपाट रंग व मोजकी हालचाल यांची एक नवी शैली निर्माण केली. सन १९५० मधील त्यांचा ‘जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग’ हा छोटा पट प्रसिद्ध आहे. त्यांतील मुलाच्या तोंडून शब्दांऐवजीं नाना प्रकारचे आवाज निघतात. म्हणून शाळा त्याला घेत नाहीं, सोबती त्याला खेळवीत नाहींत, घरचेहि कंटाळतात. तें एकटें पडलेलें मूल चार रेषांत असें उतरलें आहे कीं, पाहणाराचें मन त्याच्याकडे ओढलें जावें. या पटास अकादमीचें पारितोषिक मिळालें. चित्रें थोडीं म्हणून कृति हलकी, हें समीकरण खोटें आहे, याचा हा एक उत्तम दाखला होय.

हीच काटकसरीची शैली दूरचित्रवाणीच्या धंद्यानें उचलली. तथापि तिच्यामागची दृष्टि मात्र त्यानें उचलली नाहीं. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा या जोडीनें एका मोठ्या चित्रपटसंस्थेसाठीं ‘टॉम आणि जेरी’चे पट काढून सात वेळां अकादमीचें पारितोषिक मिळविलें होतें. १९५७ मध्यें त्या संस्थेनें आपला कार्टूनविभाग बंद केला, तेव्हां त्या दोघांनीं दूरचित्रवाणीसाठीं स्वतंत्र कारखाना काढला. येथें पैसा फार थोडा, आणि आठवड्याला पट हवाच. मग धड स्थिर ठेवून फक्त डोकें हलवावें, चालणाऱ्या पात्रामागें तेंच तें झाड पुनःपुन्हां सरकवावें, कथा चित्रांऐवजीं संवादांनीं सांगावी, अशा युक्त्या निघाल्या. त्यांच्या योगी नांवाच्या अस्वलाच्या गळ्यांत कॉलर असते. ती शोभेची दिसली तरी धड आणि डोकें यांचा सांधा तिच्याआड लपे व चित्रकाराचे श्रम वांचत. या जोडीच्या आरंभीच्या कामांत विनोदबुद्धि होती, आणि सन १९६० मध्यें सुरू झालेली ‘फ्लिंटस्टोन’ कुटुंबाची मालिका सायंकाळीं सारें घर मिळून पाही. १९६० नंतरच्या दशकांत मात्र अमेरिकन दूरचित्रवाणीनें कार्टूनपट शनिवारच्या सकाळीं नेऊन ठेवले. त्या वेळीं वडील माणसें निजलेलीं किंवा कामांत असत, मुलें एकटीं पडद्यासमोर बसत, आणि गोड खाऊ व खेळणीं विकणाऱ्या व्यापाऱ्यांना हवा तो प्रेक्षक एकत्र व बिनपहाऱ्याचा सांपडे. शेजारची खुर्ची रिकामी झाली, ती अशी.

या रिकाम्या खुर्चीची पहिली दाद मातांनीं मागितली. सन १९६८ मध्यें मॅसॅच्युसेट्स संस्थानांत पेगी शॅरन या गृहिणीनें कांहीं शेजारणींना जमवून मुलांच्या दूरचित्रवाणीसाठीं एक कृतिसंघ स्थापन केला. पुढल्याच वर्षीं बाजारांत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांतल्या मोटारींच्या नांवाचीच एक कार्टूनमालिका सुरू झाली. तेव्हां मालिका कोठें संपते आणि जाहिरात कोठें सुरू होते, हें मुलानें ओळखावें कसें? प्रतिस्पर्धी खेळणेवाल्यानेंच तक्रार केली, आणि देशाच्या संघीय दळणवळण आयोगाला त्यांत लक्ष घालावें लागलें. १९७४ मध्यें आयोगानें मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींविषयीं कांहीं धोरणें ठरवून दिलीं. संघाची भूमिका ध्यानांत घेण्याजोगी आहे. कार्यक्रम बंद पाडावेत, असें शॅरनबाईंचें म्हणणें नव्हतें. त्या अशा बंदीच्या विरुद्धच होत्या. मुलांसाठीं अधिक चांगलें व अधिक विविध असें कांहीं निर्माण व्हावें, आणि व्यापाऱ्याचा हात त्यांच्यापासून दूर राहावा, एवढीच त्यांची मागणी होती.

ती मागणी पुढील दशकांत मागें पडली. नियमन सैल करण्याचें वारें आलें, आणि १९८४ मध्यें आयोगानें आपलीं बंधनें काढून घेतलीं. याच सुमारास ‘ही-मॅन’, ‘ट्रान्सफॉर्मर्स’ इत्यादि मालिकांची लाट आली. त्यांत खेळणें आधीं तयार होई आणि कथा त्याच्यासाठीं मागाहून लिहिली जाई. नवें खेळणें विकावयाचें, म्हणून कथेंत नवें पात्र. गंमत अशी कीं, ‘ही-मॅन’च्या भागांच्या शेवटीं मुलांना उद्देशून चार शब्द उपदेशाचे असत. परंतु वीस-बावीस मिनिटें तलवारी चालवून शेवटीं अर्ध्या मिनिटाचा बोध केल्यानें कृतीचा दर्जा वाढत नाहीं, हें कोणाहि शिक्षकाला सांगावें लागणार नाहीं. अर्थात् त्या मालिकांवर मुलांनीं प्रेम केलें, आणि त्यांतील कित्येक मुलें पुढें त्यांच्या आठवणी काढीत मोठीं झालीं. मुलाचें मन भाविक असतें. तें मिळेल त्यांतून आपलें कांहीं घडवितें. म्हणूनच त्याच्या पुढ्यांत काय ठेवावें याची जबाबदारी ठेवणाराची असते.

अखेर १९९० मध्यें अमेरिकेंत मुलांच्या दूरचित्रवाणीचा कायदा संमत झाला. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती शनिवार-रविवारीं तासाला साडेदहा मिनिटांपेक्षां आणि इतर दिवशीं बारा मिनिटांपेक्षां अधिक नसाव्यात, असें त्यानें ठरविलें. १९९६ मध्यें आठवड्याला तीन तास तरी शिक्षणाला पोषक असे कार्यक्रम असावेत असा दंडक आयोगानें घातला. कायद्यानें जाहिरात मोजतां येते; कथेंतला जीव मोजतां येत नाहीं. तथापि वीस-बावीस वर्षें चिकाटीनें लढणाऱ्या त्या स्त्रियांनीं, मूल हें केवळ गिऱ्हाईक नव्हे, एवढी गोष्ट देशाच्या कायद्यांत लिहवून घेतली, याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

पैसा थोडा व वेळ अपुरा असतांहि काय साधतां येतें, हें जपाननें दाखविलें. ओसामू तेझुका याच्या मालिकेपासून, म्हणजे १९६३ पासून, जपानी दूरचित्रवाणीचे चित्रकारहि चित्रांची काटकसर करूनच काम करीत आले होते. परंतु इसाओ ताकाहाता यानें ‘हायडी’ ही स्विस कथा मालिकेच्या रूपानें करावयाची ठरविली, तेव्हां तो आपल्या सहकाऱ्यांना घेऊन प्रत्यक्ष स्वित्झर्लंडला गेला. हायाओ मियाझाकी हा त्यांपैकीं एक. घरें कशीं असतात, कुरणें कशीं दिसतात, शेळ्या कशा चालतात, हें त्यांनीं पाहून टिपून घेतलें. बावन्न भागांच्या त्या मालिकेंत खलपुरुष नाहीं, मारामारी नाहीं. एक अनाथ मुलगी डोंगरावर आजोबांजवळ राहते, विस्तवावर वितळलेलें चीज पावाबरोबर खाते, आणि शहरांत नेली असतां डोंगराच्या आठवणीनें झुरते. ही मालिका युरोपांतील अनेक देशांनीं आपापल्या भाषेंत दाखविली.

पुढें १९८८ मध्यें मियाझाकीचा ‘माझा शेजारी तोतोरो’ हा चित्रपट आला. आई आजारी म्हणून रुग्णालयांत आहे. दोघी बहिणी वडिलांबरोबर खेड्यांतल्या घरीं राहावयास येतात, आणि तेथील वनांत त्यांना एक अवाढव्य, मऊ, अबोल प्राणी भेटतो. धाकटीच्या मनांतली आईविषयींची काळजी हीच त्या कथेची खरी गांठ आहे. मुलाला भीति वाटते, ती त्याच्या वयाची नाहीं असें म्हणून चित्रकारानें ती झांकली नाहीं. भोवतीं वन, पाऊस आणि मायेचीं माणसें ठेवून ती सोसण्याजोगी केली आहे. टोकियोच्या पश्चिमेस सायामा नांवाच्या टेंकड्या आहेत. त्या परिसराचा या चित्रपटाशीं जवळचा संबंध. वाढत्या शहराच्या तावडींतून तेथील वनें वांचविण्यासाठीं १९९० मध्यें ‘तोतोरोचें माहेर’ अशा अर्थाच्या नांवानें एक निधि स्थापन झाला, आणि लोकवर्गणींतून वनाचे तुकडे विकत घेण्यास सुरुवात झाली. मुलांच्या चित्रपटाच्या प्रभावानें माणसांनीं झाडें वांचवावींत, ही गोष्ट कोणत्याहि बोधवाक्यापेक्षां मोठी आहे.

प्रभावाची दुसरी, भयावह बाजूहि त्याच देशानें पाहिली. १६ डिसेंबर १९९७ च्या सायंकाळीं ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागांत तांबडा व निळा प्रकाश कांहीं सेकंद अतिशय वेगानें आळीपाळीनें चमकला, आणि पाहणाऱ्या मुलांपैकीं कित्येकांना झटके आले, कित्येकांना भोवळ आली. त्या रात्रीं ६८५ जणांना रुग्णालयांत न्यावें लागलें. बहुतेक लवकरच बरे झाले. मालिका चार महिने थांबविण्यांत आली, आणि अशा चमकत्या दृश्यांविषयीं नवे नियम करण्यांत आले. पडद्यावरचें चित्र मुलाच्या मनापर्यंतच नव्हे, तर शरीरापर्यंत पोंचतें, याची खूण त्या रात्रीं पटली.

भारतांत या कलेचें शिक्षण ज्या मार्गानें आलें, त्याची कथा ‘बाम्बी’शीं जोडलेली आहे. ‘बाम्बी’वर काम केलेला क्लेअर वीक्स हा डिस्नेच्या चित्रशाळेंतील चित्रकार. त्याचा जन्म भारतांतच, एका मिशनरी कुटुंबांत झाला होता. सन १९५६ मध्यें अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्याच्या योजनेखालीं तो मुंबईंत आला, आणि भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमधील कार्टूनविभागांत त्यानें तरुणांना हें काम शिकविलें. त्या तरुणांच्या हातून १९५७ मध्यें तयार झालेला पट जातककथेवरचा होता: वटमृगाची कथा. गाभण हरिणीच्या ऐवजीं मृगांचा राजा स्वतः वध्यस्थानीं जाऊन उभा राहतो आणि तें पाहून काशीचा राजा शिकार सोडतो, ही ती कथा. ज्या हातांनीं आईवांचून पोरकें झालेलें पाडस रेखाटलें होतें, त्याच हातांच्या शिकवणुकींतून आई वांचविणाऱ्या मृगाचें चित्र मुंबईंत उमटलें.

त्या विद्यार्थ्यांत राममोहन हा एक तरुण होता. पुढें तो भारतीय ॲनिमेशनचा आचार्य गणला गेला. परंतु ज्या पटानें या देशांतील एका सबंध पिढीचें बालपण व्यापलें, तो १९७४ मध्यें आला. शैक्षणिक चित्रपटांसाठीं आयुष्य वेंचणाऱ्या विजया मुळे आणि चित्रकार भीमसेन यांनीं ‘एक अनेक और एकता’ हा सात-आठ मिनिटांचा पट तयार केला. हालचाल साधी, रेषा सोपी; बागेंत जमलेलीं मुलें ताईला शंका विचारतात, आणि ताई पारध्याचें जाळें घेऊन एकजुटीनें उडून गेलेल्या पांखरांची गोष्ट सांगते. दूरदर्शनवर तो कित्येक वर्षें पुनःपुन्हां लागे. घरांत एकच संच असे, एकच वाहिनी असे, आणि आजीपासून नातवापर्यंत सारीं त्याच्यापुढें बसलेलीं असत. मुलांनीं तो पाठ केला, आणि वडिलांनींहि केला.

सन १९९० नंतरच्या दशकांत संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें दक्षिण आशियांतील मुलींसाठीं ‘मीना’ ही मालिका काढली. तिच्या निर्मितींत राममोहनांचा मोठा वाटा होता. मीनाचें रूप, तिचा पोशाख व तिचें घर ठरविण्यापूर्वीं भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान या देशांतील लोकांना चित्रें दाखवून त्यांचीं मतें घेतलीं. ती सर्वांनाच आपली वाटावी हा हेतु. एका भागांत मीनाला शाळेंत धाडीत नाहींत, तेव्हां ती आपल्या मिठू पोपटाकरवीं अंक शिकते आणि कोंबड्या मोजून चोरी पकडते. दुसऱ्या भागांत भाऊ राजू आणि ती एक दिवस कामांची व जेवणाची अदलाबदल करतात. भावाच्या पानांत नेहमीं अधिक का पडतें, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. विशेष हें कीं, आरंभीच्या भागांच्या चित्रांचें काम मनिला येथील हॅना-बार्बेरांच्या कारखान्यांत झालें. शनिवार सकाळची गरज भागविणाऱ्या त्याच पद्धतीनें येथें एका उपेक्षित मुलीला आवाज दिला. हत्यार तेंच, तें कोणासाठीं उचललें, यांत फरक होता.

मुलांवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास आतां मानसशास्त्रज्ञहि करूं लागले आहेत. सन २०११ मध्यें अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठांत चार वर्षांच्या साठ मुलांवर एक प्रयोग झाला. कांहींना अतिवेगवान् व अद्भुत कार्टून नऊ मिनिटें दाखविलें, कांहींना संथ व घरगुती कार्टून दाखविलें, आणि कांहींना चित्रें काढावयास दिलीं. लगेच घेतलेल्या चांचणींत पहिल्या गटाची मुलें लक्ष आवरण्यांत व धीर धरण्यांत मागें पडलीं. हा परिणाम किती टिकतो, हें त्या प्रयोगानें पाहिलेलें नाहीं. म्हणून त्यावर मोठे सिद्धान्त उभारणें योग्य होणार नाहीं. तथापि वेग आणि गोंगाट म्हणजे मुलांची करमणूक, या समजुतीला त्यानें धक्का दिला आहे.

या सर्व इतिहासावरून मुलांच्या हलत्या चित्रांची पारख करण्याच्या दोन कसोट्या हातीं लागतात. पहिली कसोटी कर्त्याची. बाम्बी, जेराल्ड, हायडी, मीना यांच्या कर्त्यांनीं मुलाला दुःख समजतें, न्यायान्याय समजतो, धीर धरतां येतो, असें मानून काम केलें. कोणाजवळ पंधरा लाख डॉलर होते, कोणाजवळ चार रेषा होत्या. ज्यांनीं मुलाकडे केवळ बापाच्या खिशाची वाट म्हणून पाहिलें, त्यांच्या कृति पहिल्या विक्रीबरोबर जुन्या झाल्या नसतील, पण त्यांनीं मुलाला दिलें तें थोडें. दुसरी कसोटी घराची. आज पडदा हाताच्या तळव्यावर आला आहे, आणि वाटेल त्या घटकेला वाटेल तें चित्र लावतां येतें. शनिवार सकाळची ती रिकामी खुर्ची आतां सातहि दिवस, सर्व वेळ रिकामी राहण्याचा संभव आहे. मूल जेवावें म्हणून, रडूं नये म्हणून, कामांत येऊं नये म्हणून त्याच्या हातीं पडदा देणारीं घरें थोडीं नाहींत, आणि त्यांची अडचणहि खोटी नाहीं.

तरी चित्र निवडून लावावें, आणि शक्य तेव्हां शेजारीं बसावें. पाडसाची आई दिसेनाशी झाली म्हणजे मूल पडद्याकडे पाहत नाहीं. तें वळून शेजारीं पाहतें. ‘ती कोठें गेली?’ असें विचारतें. त्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि चित्रकाराला देतां येत नाहीं. तें घरांतल्या माणसानें द्यावयाचें असतें. इंग्लंडच्या परीक्षकांनीं १९३८ मध्यें सोबतीची अट घातली, ती आज कोणताहि कायदा घालीत नसला, तरी प्रत्येक घरानें ती आपल्या आपण घालून घेण्यास हरकत नाहीं.